निळ्या मखमलीच्या डब्या

सांत्वनाला आलेल्या बायकांनी सुलाबाईंपुढे पाचवी डबी ठेवली. पाचही सारख्याच, निळ्या मखमलीच्या. आत सुरळी केलेल्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर धीराचं एक वचन. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची आणि दुःख आवरायचं, अशी रीत होती. ती घालून दिली होती खुद्द सुलाबाईंनीच.

चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या घरी माणूस गेलं, की महिला मंडळाच्या अध्यक्षा सुलाबाई डबी घेऊन हजर होत. एक प्रार्थना, एक वचन, चहा नको, आणि वीस मिनिटांत चपला पायात. सांत्वन करावं तर सुलाबाईंनीच, असं पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे. सांगलीच्या आसपास त्यांनी समजूत न घातलेलं दुःख शोधूनच काढावं लागलं असतं.

आता त्यांचाच मुलगा विश्वजित गेला होता. कडेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. आज आठवा दिवस.

"रडायचं नाही हं, मावशी. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंय," बायकांमधली राजेश्वरी म्हणाली.

शिकवलं होतं खरं, आणि शिष्या हुशार निघाल्या होत्या. एकीनं बायबलातल्या, सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाच्या धीराची आठवण करून दिली. दुसरीनं सांगितलं, की बागेतलं सुंदर फूल माळी आधी खुडतो. ते फूल येत्या महिन्यात तेहतीस वर्षांचं झालं असतं आणि त्याला सकाळी दोन भाकऱ्या लागायच्या. तिसरीनं घड्याळ पाहिलं. पाचातली एखादी डबी उचलून भिरकावावी, असं सुलाबाईंना फार वाटलं. पण अध्यक्षांना असं वाटून चालत नाही. त्या "आमेन" म्हणाल्या. बरोबर वीस मिनिटांनी बायका उठल्या.

विजयमाला तेवढी मागे राहिली.

तीन वर्षांपूर्वी तिची लेक राजनंदिनी तापानं गेली, तेव्हा विजयमाला अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत ओरडत होती. "देवाला जाब विचारू नये. धीर धर," असं बजावून सुलाबाई डबी ठेवून आल्या होत्या. पुढं विजयमाला सावरली. दर रविवारी उपासनेला येऊ लागली, गाऊ लागली. सुलाबाई प्रत्येक सभेत तिच्या धीराचं उदाहरण देत आणि जाता जाता डबीचाही उल्लेख करत.

विजयमालानं पिशवीतून निळी डबी काढली. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच होता.

"आता सहावी," सुलाबाई म्हणाल्या.

"न्हाई मावशी, ही तुमचीच हाय. तवा मला दिल्याली. परत द्यायला आणलीया."

"उघडलीच नाहीस?"

"न्हाई."

"मग एवढा धीर कुठनं आणलास गं?" सुलाबाईंचा आवाज फाटला. अध्यक्षपद कुठल्या कुठे गेलं. "मला आठ दिवस जमंना झालंय. पोरगं गेलं माझं, आन् मी आमेन म्हणत बसलीया!"

विजयमाला त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"मी कुठला धीर धरतीया? रोज सांजच्याला दार लावायची, आन् प्रभूला तोंडाला यील ते बोलायची. माझीच पोर घावली व्हय तुला, म्हणायची. लय वंगाळ बोलली. दोन वरसं. तुमी ईस मिन्टात उठून गेला, मावशी. त्यो न्हाई उठला. सगळं ऐकून घेतलं. लोक म्हणत्यात, विजयमालानं धीर धरला. मी न्हाई धरला. त्यानं धरला."

सुलाबाईंनी भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. बासष्ट वर्षांत त्याच्याशी एक शब्द वावगा बोलल्या नव्हत्या. कधी एक शब्द खरा बोलल्या होत्या का, तेही त्यांना आठवेना.

वीस मिनिटं केव्हाच उलटली होती. विजयमाला हलली नाही.

"विजयमाला," शेवटी सुलाबाई म्हणाल्या, "दार लाव. आतनं."