कडू दुधी

नव्वदच्या सुमारास हेंद्रेपाड्यात दुधीच्या रसाची साथच आली होती. दिनानाथांच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकायचा. धाकट्या भावाच्या, श्रीपादच्या, नादाने डॉक्टरांच्या गोळ्या सोडून ते रोज पेलाभर रस पीत. त्या सकाळी कुमुदिनीने सवयीने दुधीची चकती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "कडू दुधी विषारी असतो, भावोजी. ह्यांना नको." "वहिनी, जेवढं कडू तेवढं गुणकारी." श्रीपादने दुधी किसून रस पिळला. "मग आधी तुम्ही घ्या." भाऊ बघतोय म्हणून त्याने घोट घेतला, मोरीकडे धावला, खाकरून थुंकला, चूळ भरून तोंड पुसत आला. "दादाला मध घालून द्या." एवढी किळस तिला त्या चकतीचीही आली नव्हती. रस मोरीत ओतून तिने पेला दोनदा घासला, पाण्याने भरून आणला. दिनानाथांनी गोळीसाठी तळहात पुढे केला.