गुरुजींच्या मिशा

"चौगुले गुरुजींनी शाळेत बोलावलंय," असा निरोप आला आणि मालन हातातलं काम टाकून निघाली. गेल्या वर्षी तापात लेकीचे, मोनाचे कान गेले, हे तिनं शाळेत नाव घालताना लपवलं होतं. कळलं असतं, तर पोरीला परगावच्या बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात धाडा म्हणाले असते. घरी मोना आईच्या ओठांकडं बघून सगळं ओळखायची. शाळेतही निभावेल, असं मालनला वाटलं होतं.

मंगळवार पेठेतल्या त्या शाळेच्या पायऱ्या चढताना तिनं उत्तर घोकलं, 'पोरगी लाजरी हाय, बोलंल हळूहळू.'

वर्गाच्या दारात मात्र ती थबकलीच. अख्ख्या पेठेत नावाजलेल्या, ओठ झाकणाऱ्या गुरुजींच्या झुपकेदार मिशा साफ उतरवलेल्या होत्या. बाप गेल्याशिवाय त्या मिशांना वस्तरा लागला नसता. तिनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

"गुरुजी, आबा गेलं? कवा? मला कायबी कळलं न्हाय!"

"आबा ठणठणीत हायत की. ते जिते असताना मिशा काढल्या, म्हणून सकाळधरनं बोलंनात माझ्याशी."

"मग काढल्या कशापायी?"

गुरुजींनी मोनाला हातानं खूण करून जवळ बोलावलं. तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

मोना खुदकन हसली आणि आईकडं वळली.

"आई, गुरुजी म्हणत्यात, तुझ्या आईला सांग, घाबरू नको."