आबांच्या खाटेवरचा शब्द

बारामतीच्या क्लासमधल्या सरांनी माधवीला युक्ती सांगितली होती. अवघड इंग्रजी शब्द नुसता घोकायचा नाही. तो चिठ्ठीवर लिहायचा, मागं मराठी अर्थ लिहायचा आणि तो अर्थ जिला शोभेल अशा वस्तूला चिठ्ठी चिकटवायची. वस्तू आठवली की अर्थ आठवतो. महिन्याभरात सणसर गावातलं तिचं अख्खं घर चिठ्ठ्यांनी भरलं. एक गंजक्या फाटकाला, एक भुंकऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याला, एक तर थेट आईच्या लाटण्याला.

"समद्यांना शब्द दिलंस, मलाच न्हाय व्हय गं?" तिचे आजोबा, गेणबाआबा, रुसले.

माधवीनं हसत हसत एक चिठ्ठी त्यांच्या खाटेला चिकटवली. आबांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण येईल त्याला ते ती दाखवायचे. "नातीनं दिलाय. लई वरचा शब्द हाय!"

परीक्षा संपल्या संपल्या तिचा फोन आला. "आबा, तुमचाच शब्द पेपरात आला! तुमी डोळ्यापुढं आलात आन् अर्थ झटक्यात आठवला."

आबांनी पारावर जाऊन किलोभर पेढे वाटले. घरी आल्यावर, असली चिठ्ठी देव्हाऱ्यातच शोभंल म्हणून त्यांनी ती खाटेवरून अलगद सोडवली, चष्मा लावला आणि मागचं मराठी पहिल्यांदाच वाचलं.



"उपयोग संपला, तरी जागा अडवून बसलेलं."