गोंगाट

मरणाच्या आदल्या दिवशी मोतलीबाई चुलीपुढे बसून लेकीशी, वनिताशी बोलत होती. वनिताला फक्त ओठ हलताना दिसत होते. पहिलीतच शाळेने तांड्यावरच्या मुलांच्या कानांत यंत्र बसवलं होतं. मराठी नीट यावी म्हणून ते गोरमाटी बोली गोंगाट समजून गाळायचं. ते काढता येत नव्हतं आणि मोतलीबाईला दुसरी भाषा येत नव्हती.

"काय म्हणतेय?" वनिताने जवळ बसलेल्या, मराठीही येणाऱ्या मावशीला विचारलं.

"म्हणतेय, तू मोठी मास्तरीणबाई, तुला जेवायला बोलवायचं तर माणूस पाठवावा लागतो."

तिघी हसल्या. हसणं तेवढं यंत्र गाळत नसे.

सकाळी मोतलीबाई उठली नाही. शाळेत गेल्यापासून वनिता तिला 'आई'च म्हणत आली होती. आता तिच्या कानाशी वाकून ती मोठ्याने गोरमाटीत म्हणाली, "याडी."

मावशीने रडता रडता वर पाहिलं. वनिताला स्वतःचा शब्द ऐकू आला नव्हता, म्हणून ती पुन्हा म्हणाली.