कोळारचा हूं

तक्रार लिहून तयार होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. शैलश्रीनं फोन आईपुढं धरला आणि हा आवाज तुझाच आहे एवढं एकदा सांग म्हणाली.

तिच्या आईच्या, कोहिनूर गावच्या अक्कम्माच्या, गोष्टी ऐकायला बिदर-कलबुर्गीपासून उदगीर-लातूरपर्यंत माणसं होती. बाईचा गळाच तसा. मराठीत सुरू झालेली गोष्ट राक्षस आला की कानडीत शिरायची, अन् ऐकणाऱ्याला ते कळायचंसुद्धा नाही. शैलश्रीनं त्या गोष्टींचं पॉडकास्ट केलं ते आईच्या कौतुकापोटीच. काम चोख करायची. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावायची, पंखा बंद करायची आणि वडिलांना, कल्लप्पांना, बाहेर ओसरीवर बसवायची. कारण अप्पांची खोड. गोष्ट चालली की वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचे. पहिल्या भागांत आलेले त्यांचे सगळे हूं तिनं तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढले होते.

हल्ली मात्र अक्कम्माच्या गोष्टी आटत चालल्या होत्या. सुरू करायची, मध्येच अडायची, 'झाली बघ' म्हणून उठायची. नवा भाग येईनासा झाला. अशात बिदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात पॅकिंग करणाऱ्या सुधारानीनं तेच जुने भाग आपल्या चॅनलवर चढवले, आणि ऐकणारे तिकडं वळले. शैलश्रीनं फोनवर जाब विचारला, तर ती म्हणे, नाव अक्कम्मा अव्वांचंच लावलंय, आम्ही कामावर ऐकतो तसं टाकलंय. चोर तो चोर, वर शिरजोर.

शैलश्रीनं त्या चॅनलवरचा एक भाग आईला लावून दाखवला. अक्कम्माचा आवाज आला, मागं खोक्यांना चिकटपट्टी मारल्याचा चर्रर्र आवाज. राजाची धाकटी सून विहिरीत उतरली. इथं अक्कम्मा नेहमी श्वास घ्यायला थांबायची. त्या थांब्यात गोदामभर बाया एकदम म्हणाल्या, "हूं."

अक्कम्मा सरळ होऊन बसली. पुढच्या वाक्याला पुन्हा हूं. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं, कुणी हसलं, आणि सून विहिरीतून वर येईपर्यंत कुणाची चिकटपट्टी वाजली नाही. आईचा चेहरा असा उजळलेला शैलश्रीनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिला आईचा अभिमान वाटला, आणि रागही आला.

"अव्वा, ही चोरी हाय. आवाज तुझाच न्हवं?"

"माझाच हाय की." अक्कम्मानं फोन कानाशी ओढला. "पर चोर कवा हूं म्हणतो का गं? तू तर मला गोधडीला गोष्ट सांगायला लावायलीस."

खडे म्हणून आपण काय वेचून टाकलं ते शैलश्रीला आत्ता कळलं, आणि फार वाईट वाटलं. तिनं तक्रार पुसली. भिंतीवरची एक गोधडी काढून जमिनीवर अंथरली, माईक मधोमध ठेवला आणि दार उघडलं. कल्लप्पा ओसरीवरच होते. रेकॉर्डिंग असो नसो, त्यांना आता तिथंच बसायची सवय लागली होती.

"अप्पा, आत या. अव्वा गोष्ट सांगायलीय."

कल्लप्पा उठायच्या आधीच म्हणाले, "हूं."