शुद्ध पाणी

विद्यापीठाने भातशेतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केला, तेव्हा चांदीपच्या मनोरमाबाईंनी नातीला फर्मावलं, "तुझ्या आईचा आवाज तेवढा वाचव. बाकीचे प्रोफेसर गेले खड्ड्यात." लेक सुरुची गेल्या वर्षी वारली, तिचा आवाज फक्त तिने शिकवलेल्या धड्यांत उरला होता. अक्षदाने जुन्या वेबसाइट जपणारा संग्रह उघडला. "आजी, पानं राहिलीत, व्हिडिओ मात्र नाही आले. आई बोलली ते खाली लिहिलंय." "म्हंजे ताट ठेवलं नि भात टाकला. वाच." अक्षदा वाचू लागली, "रोपं लावली की खाचरात पाणी..." "थांब. हे कोन बोललं?" "आईच." "तुझी आई मास्तरीन झाली तरी पानीच म्हनायची. कॅमेऱ्यासमोरही म्हनाली, मी ऐकलंय." "विद्यापीठवाल्यांनी लिहिताना शुद्ध केलंय, आजी." मनोरमाबाईंनी नातीच्या हातातला मोबाइल पालथा घातला. "मग ही बाई कोन, मला ठाऊक नाय."