निम्म्या बंदुका

"निकेश, आता तूच सांग बाप्पा. कोणाच्या बंदुका जमा करायच्या?" बापूरावांनी आदेशाचा कागद टेबलावर टाकला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर टोपी ठेवली.

आष्टीच्या होमगार्ड पथकाचे हे प्रमुख एरवी लोखंडाचं दुकान चालवत. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि सरकारनं नेमकं तेच काम अंगावर टाकलं होतं. पैसा नाही, म्हणून सोळा रायफलींपैकी आठ जिल्ह्याला परत. आठ पुरुषांकडे होत्या, आठ बायकांकडे. ज्यांच्या जातील त्यांनी इथून पुढं बंदोबस्ताला नुसती काठी घेऊन उभं राहायचं. बेचाळीसच्या गोळीबाराची आठवण म्हणून नागपंचमीला हुतात्मा स्मारकापुढं जी सलामी होते, तिच्यातूनही ते बाद.

खिडकीतून मैदानावरची कवायत ऐकू येत होती. "सावधान!" आवाज निकेशच्या बायकोचा, अंजूचा. रस्त्यानं चाललेला एक भाजीवाला हातगाडी थांबवून बघत राहिला. त्याला कोणी सावधान म्हटलं नव्हतं, तरी.

निकेश जळायचा. दुसरा शब्दच नाही त्याला. तीन वर्षांमागं यानंच तिला भरती केलं, यानंच घरच्या अंगणात तिच्या हातात मुसळ देऊन रायफल धरायला शिकवलं. "कोपर आत! कोपर आत म्हटलं न!" तेव्हा ही बाई हसून हसून खाली बसायची. आणि यंदा टेकडीमागं गोळीबाराचा सराव झाला, तर हिच्या सगळ्या गोळ्या पोळपाटाएवढ्या जागेत. शस्त्र शिकवणाऱ्या निकेश उस्तादांच्या दोन चक्क मातीत. तेव्हापासून चहाच्या टपरीवर पोट्टे म्हणायचे, "सरका बे, अंजूताईचा नवरा आला," आणि खरंच सरकून जागा द्यायचे. ती जागा त्याला काट्यासारखी टोचायची.

"बायांच्या जमा करा," तो म्हणाला.

बापूराव चपापले. "घरच्याच बाईचं पथक हाय, लेका."

"म्हणूनच सांगून राह्यलो, साहेब. थ्री-नॉट-थ्री जड असते. खांदे काळेनिळे होते त्यांचे. लेकराबाळाच्या बाया, काठीच बरी त्यांले."

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. मग थोडं वाईटही वाटलं, पण बरं वाटणं जास्त होतं.

दोघं मैदानावर आले. बापूरावांनी घसा साफ करत निर्णय सांगितला. बायकांची रांग तुटली, कुजबुज सुरू झाली. अंजू सरळ नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आमच्याच काऊन?"

"वरून आदेश आला," निकेश म्हणाला.

"वरून निम्म्याचा आला, बाई," बापूराव स्वतःच्या बुटांकडं बघत म्हणाले. खोटं पचवणं काही त्यांचा धंदा नव्हता. "कोणाच्या द्यायच्या, थे यानं सांगितलं."

"अगे माय!" मागून वच्छलाबाई ओरडली. "आज जेवाले नोको वाढजो याले!"

अंजूचे कान लाल झाले. ती वळली आणि रांगेला म्हणाली, "शस्त्र जमा करा. एकेक करून."

रीत अशी, की जमा करणाऱ्यानं नळी आभाळाकडं धरायची, बोल्ट मागं ओढून कोठी उघडायची, आणि घेणाऱ्यानं आत बोट घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची. सात जणींच्या झाल्या. शेवटची अंजूची. तिनं बोल्ट ओढला.

"खाली हाय. पाहून घ्या, उस्ताद."

निकेशनं बोट घातलं. बाहेर काढलं तर त्यावर ताजं तेल. आज सकाळीच ओट्यावर बसून तिनं दोघांच्याही रायफली पुसल्या होत्या. त्यानं बोट पँटला पुसलं.

"चला, राह्यलेल्यांची तालीम घेऊन टाकू," बापूराव घाईनं म्हणाले. नागपंचमी तोंडावर होती.

पुरुष उभे राहिले. आठ बंदुका आणि माणसं सात. आठवा जाम गावच्या ढाब्यावर कामाला लागला होता, त्याची रायफल निकेशच सांभाळायचा. सोळाच्या रांगेत ते खपून जायचं. निकेश पुढं उभा राहून कमांड द्यायचा, मागं कोण आलं नि कोण नाही याकडं कोणाचं लक्ष जायचं नाही. आता मात्र राखलेल्या आठ बंदुका आठ खांद्यांवर दिसायला हव्या होत्या.

"निकेश, तू घे न आठवी."

"मी? मंग कमांड कोण देईन, साहेब?"

बापूरावांना या वेळी कोणालाच विचारावं लागलं नाही. "अंजूबाई, तुमी द्या."

निकेश रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. अंजूनं वच्छलाबाईकडून काठी घेतली, काखेत धरली आणि पुढं आली.

"सलामी शस्त्र!"

भाजीवाला अजून तिथंच होता. शेजारच्या दुकानातली दोघं-तिघंही बाहेर आली. निकेशला हलायचं नव्हतं, पण हातांनी त्याला विचारलंच नाही. रायफल उचलली गेली आणि छातीपुढं येऊन थांबली.

रायफल खाली घ्यायची पुढची कमांड काही येईना. मनगटं भरून आली. अंजू रांगेपुढून सावकाश चालत आली. पहिला, दुसरा, तिसरा, एकेकाला बघत ती टोकाशी थांबली. नवऱ्याकडं बघावं तसं तिनं बघितलं नाही.

"आठवे," ती म्हणाली, "कोपर आत."

निकेशनं कोपर आत घेतलं.